आधी प्रश्न, मग पाना

पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुक्ता विज्ञान शिकवत असे आणि सुट्टी मिळाली की सायकल चालवत असे. पाचगणीत राहणाऱ्या सायकलस्वाराला घाट चुकत नाही. वाईकडे जायचं तर पसरणीचा घाट उतरायचा आणि घरी परतायचं तर तोच घाट चढायचा. बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, आणि तेवढ्यात जमीन जवळपास ६०० मीटर खाली जाते. चढताना तासभर घाम काढणारा हा घाट उतरताना वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. मुक्ताला हे उतरणं फार आवडायचं. डाव्या-उजव्या वळणांची लय तिला पाठ झाली होती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मात्र ही लय बिघडली. सरळ उतारावर वेग पन्नाशीला पोचला तरी सायकल स्थिर असे. वळण दिसलं, तिने ब्रेक दाबले, की हँडल हातात थरथरू लागे. थरथर एका क्षणात वाढे, पुढचं चाक डावी-उजवीकडे हेलकावे घेई आणि सायकल आपण ठरवलेल्या रेषेवर राहील की नाही याची खात्री उरत नसे. वेग कमी झाला की सगळं आपोआप शांत होई, आणि खाली वाईत पोचल्यावर सायकल इतकी शहाण्यासारखी वागे की आपल्याला भास झाला असावा असं तिला वाटे.

पुढच्या महिन्यात तिला ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची होती. वीस तासांत अंतर पुरं करायचं, वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर वेळेत पोचायचं, आणि अर्थात घाटही उतरायचे. वेळ थोडा होता. त्यामुळे मुक्ताने ज्याला त्याला विचारायला सुरुवात केली, आणि जो तो उत्तर देऊ लागला. एक म्हणाला, टायर बदल. दुसरा म्हणाला, हँडलखालचा सांधा, म्हणजे हेडसेट, ढिला झालाय, दुसरं काही नाही. तिसऱ्याला वाटलं, हँडल फार पुढे आहे, ते धरणारा स्टेम आखूड घे. चौथ्याने तर फ्रेमच वाकडी असल्याचं सांगून टाकलं.

ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून सायकल थरथरते, असं आधी मुक्ताच्या मनाने घेतलं. तिने ब्रेकचे चांगले, मऊ रबर आणून बसवले. थरथर वाढली. मग ती सायकल घेऊन पुण्यातल्या एका दुकानात गेली आणि एका फेरीत सगळंच करून घेतलं. पुढचं टायर नवं, स्टेम आखूड, हेडसेट कसून आवळलेला. पैसे बरेच गेले, पण आता काही राहिलं नाही असं समाधान घेऊन ती परतली.

पहिल्या उतरणीत थरथर खरोखरच कमी वाटली. पण नवीनच त्रास सुरू झाला. सावकाश चालवताना सायकल सरळ जाईना. हँडल कुठेतरी अडकल्यासारखं वाटे, बारीकशी दुरुस्ती करायला जावं तर ती एकदम जास्त होई. वळणात शिरताना सायकल वळायला नाराज आणि वळणातून निघताना सरळ व्हायला नाराज. आता तिला वेगाचीही भीती वाटू लागली आणि सावकाशीचीही.

एका रविवारी सकाळी घाटातल्या वळणावर माकडं बघायला एक गाडी अचानक थांबली. मुक्ताने दोन्ही ब्रेक जोरात दाबले. हँडल असं हादरलं की सायकल मधली रेषा ओलांडून पलीकडे गेली. समोरून त्या क्षणी काही आलं नाही, एवढंच. कठड्याजवळच्या खडीत ती थांबली. हातपाय कापत होते. उरलेला घाट तिने सायकल हातात धरून चालत उतरला आणि वाईत गणपती आळीच्या बाजूला असलेल्या आबांच्या दुकानात ती आणून उभी केली.

आबांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, भिंतीवर टांगलेल्या रिमा, एक चाक सरळ करायचा घोडा आणि राहिलेली कामं लिहायची एक पाटी. तरुणपणी आबा मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरत. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला त्या शर्यतीत घाटाचा राजा म्हणत. तो मान आबांना कधी मिळाला नाही, पण घाटात सायकल कशी वागते, हे त्यांना त्या शर्यतींनी शिकवलं. आता साठी उलटली होती. गावातल्या पोरांच्या गिअरच्या सायकलींपासून दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींपर्यंत सगळ्या त्यांच्याकडेच येत.

मुक्ताने एका दमात सगळं सांगितलं. काय काय बदललं तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आबा, आता फ्रेमच बदलावी लागणार बहुतेक. तुम्ही एकदा बघून सांगा, म्हणजे मी मोकळी."

आबांनी पान्याला हातही लावला नाही. तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि पाटी पुसली.

"पोरी, काय होतंय ते कळलं मला. आता केव्हा होतंय ते सांग."

"उतारावर."

"नुसत्या उतारावर? का ब्रेक दाबल्यावर?"

मुक्ता थांबली. "ब्रेक दाबल्यावरच. ब्रेक न दाबता पन्नासनेही गेले आहे, काही होत नाही."

आबांनी पाटीवर लिहिलं: ब्रेक. "कुठला ब्रेक? पुढचा का मागचा?"

"दोन्ही एकदम दाबते मी. वेगळं कधी बघितलं नाही."

"किती वेगाला जास्त होतं?"

"पन्नासच्या आसपास. चाळीसच्या खाली आलं की आपोआप थांबतं."

"आणि कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. आधी अगदी बारीक होतं. रबर बदलले आणि वाढलं. हेडसेट आवळून घेतला तेव्हा कमी झालं, पण सायकल वेडीवाकडी चालायला लागली."

आबा पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या सायकलने तुला बरंच सांगितलंय. तू ऐकायच्या आधीच औषध आणायला पळालीस. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असं झालं बघ. थरथर हातात जाणवते म्हणून जो तो हँडलपाशी शोधतो. ती जन्मते कुठे, ते कुणी विचारत नाही."

मुक्ताला हे लागलं. ती म्हणाली, "पण मी सगळं करून बघितलं की आबा."

"सगळं एकदम करून बघितलंस. टायर, स्टेम, हेडसेट एका दिवसात बदललंस. फरक पडला खरा, पण कशाने पडला? सांगता येतं का तुला?"

तिला सांगता येईना. शाळेत दर वर्षी ती मुलांकडून साध्या लंबकाचा प्रयोग करून घेत असे. दोऱ्याची लांबी बदलायची असेल तर गोळा तोच ठेवायचा. गोळा बदलायचा असेल तर दोरा तेवढाच ठेवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे आंदोलनाला लागणारा वेळ कशामुळे बदलतो ते कळतं. एखाद्या मुलाने दोन्ही एकदम बदललं की ती त्याला प्रयोग पुन्हा करायला लावी. तिने हे आबांना सांगितलं.

"मग तुला माझी गरजच नाही," आबा म्हणाले. "चल, तुझ्या शाळेतल्यासारखंच करू. आधी उभ्या सायकलवर, मग सपाटीवर, मग बारीक उतारावर. घाटात सगळ्यात शेवटी. जिथे पडलं तर जीव जाईल तिथे तपासणी करत नाहीत."

त्यांनी सर्वांत आधी चाकांचे खटके बघितले. पुढचा आणि मागचा, दोन्ही घट्ट बसलेले होते. मग पुढच्या रिमला वरून धरून आडवं हलवून बघितलं. एक्सलच्या कोनात ढिलेपणा असता तर चाक कडकड हललं असतं, पण ते हललं नाही. एकेक तार बोटाने छेडली, सगळ्यांचा आवाज जवळजवळ सारखा आला. ब्रेकचा बोल्ट चिमट्याला पक्का होता. टायर रिममध्ये सगळीकडे सारखं बसलं होतं आणि हवाही बरोबर होती.

"आता हेडसेट," आबा म्हणाले. पुढचा ब्रेक दाबून धरून त्यांनी सायकल पुढे-मागे ढकलली आणि दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या सांध्यावर ठेवली. सांधा ढिला असता तर बोटांना टकटक लागली असती. ती लागली नाही. मग त्यांनी दांडा उचलून पुढचं चाक अधांतरी केलं आणि सायकल थोडी कलती केली. हँडल आपल्या वजनाने एका बाजूला पडायला हवं होतं. ते तसंच सरळ राहिलं. बोटाने ढकललं तेव्हा कुठे वळलं.

"हे बघ. छर्रे इतके आवळलेत की हँडल मोकळं फिरतच नाही. आपण सायकल सरळ चालवतो म्हणजे काय करतो? क्षणाक्षणाला हँडल बारीक-बारीक वळवून तोल सांभाळतो. आपल्याला ते कळतसुद्धा नाही. ती बारीक हालचालच इथे अडते. म्हणून ती सावकाश चालताना वेडीवाकडी जाते."

"म्हणजे दोष सापडला!" मुक्ता उठलीच.

"एक दोष सापडला. आपण शोधतोय तोच तो आहे का, ते अजून कळायचंय."

आबांनी आधी स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल केले. वरचा बोल्ट त्यानंतर थोडा मागे घेतला. "बाजूचे सैल न करता वरचाच पिळत बसतात लोक. त्याने काही होत नाही. वरचा बोल्ट फक्त छर्ऱ्यांवरचा दाब ठरवतो, धरून ठेवायचं काम बाजूच्यांचं." हँडल मोकळं पडू लागलं, टकटकही नव्हती. त्यांनी हँडल चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट पुन्हा कसले आणि पाना खाली ठेवला.

"आता काही बदलायचं नाही. पसरणी गावाच्या अलीकडे जो मोकळा, सरळ, बारीक उतार आहे तिथे जा. वीस-पंचविसाच्या वर वेग नको. पुढे-मागे गाडी नाही बघूनच ब्रेक दाब, आणि तोही हलकाच."

मुक्ता अर्ध्या तासाने परत आली ती रडवेली होऊन. "आबा, हँडल मोकळं झालं, सायकल सरळ चालते. पण ब्रेक दाबला की थरथर पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट येते. आवळलेलंच बरं होतं."

आबांचा चेहरा उजळला. "आवळलेलं बरं नव्हतं. त्या आवळण्याने थरथर दाबून धरली होती आणि तुझं वळणंही त्याच हाताने दाबलं होतं. आता ती लपलेली नाही. आपलं काम सोपं झालं. परत जा. या खेपेला आधी फक्त मागचा ब्रेक लाव. मग फक्त पुढचा, अगदी हलका."

या वेळी ती परतली तेव्हा बोलताना आवाजात जोर होता. मागच्या ब्रेकला काही होत नव्हतं. पुढचा हलका दाबला की दर थोड्या अंतरावर एक झटका येत होता. वेग वाढला की झटके जवळजवळ येत, कमी केला की लांब जात.

"किती लांब?"

"चाकाच्या एका फेऱ्याला एक, असं वाटतं."

आबांनी खडू काढला आणि पुढच्या टायरवर एक खूण केली. "सायकल हातात धर. पुढचा ब्रेक बारीक दाबून ठेव आणि चालत पुढे जा."

मुक्ता चालू लागली. चाक फिरलं, अडलं, सुटलं. पुन्हा फिरलं, अडलं. प्रत्येक वेळी चाक अडे तेव्हा खडूची खूण जमिनीपासून एकाच उंचीवर असे. म्हणजे रिमची एकच जागा ब्रेकच्या रबरांत अडकत होती. आबांनी ती जागा फडक्याने पुसली आणि मुक्ताचं बोट धरून रिमच्या कडेवरून फिरवलं. डोळ्यांना रिम सरळच दिसत होती, पण बोटाला फुगवटा लागला. दोन्ही बाजूंना. आबांनी व्हर्नियर लावून मोजलं तर त्या एका जागी रिम बाकीच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त रुंद होती. टायर काढल्यावर आतल्या काठावर लहानसा दबका दिसला.

"पावसात कुठे खड्ड्यात गेली होती का?"

मुक्ताला आठवलं. सुरूरहून वाईकडे येताना पाण्याने भरलेला खड्डा दिसला नव्हता. धाडकन आवाज झाला, ट्यूब गेली. ट्यूबला समोरासमोर दोन भोकं पडली होती. तिने तिथल्या तिथे ट्यूब बदलली आणि पुढे निघाली. रिम तपासायला हवी हे त्या वेळी मनात आलंच नव्हतं.

"खड्ड्याच्या काठाने रिम आत दाबली, आणि तिच्या दोन्ही भिंती बाहेर आल्या," आबा म्हणाले. "फुगलेली जागा रबरांत आली की ब्रेक जास्त धरतो, गेली की सोडतो. तुझे जुने रबर कडक होते, त्यामुळे झटका बारीक होता. तू मऊ रबर आणलेस, त्यांनी प्रामाणिकपणे जास्त धरलं. रबर चांगलेच आहेत. रोग मात्र त्याने वाढल्यासारखा दिसला."

"पण मग वीसला नुसते झटके, आणि पन्नासला सगळी सायकल का हलते?"

"ते तू सांग. विज्ञान तू शिकवतेस."

मुक्ताने खडू घेतला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. तिच्या टायरचा घेर सुमारे २.१ मीटर. भागाकार केला तर चाकाचे सेकंदाला ६.६ फेरे, म्हणजे सेकंदाला साडेसहाहून जास्त झटके. ताशी २० ला हाच हिशेब २.६ वर येत होता. पाटीकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं. झोक्याला नेमक्या वेळी हलकाच हात लावला तरी तो उंच जातो, अवेळी जोरात ढकललं तरी जात नाही. सायकलची फ्रेम, चिमटा, पुढचं चाक आणि वर बसलेला माणूस यांची मिळून आपली एक लय असते. रस्त्यावरच्या वेगवान सायकलींचं हँडल त्या लयीत थरथरू लागलं तर सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा थरथरतं. तिचे झटके पन्नासच्या वेगाला नेमके त्या लयीत येऊन पडत होते. ब्रेकने वेग खाली आला की झटके लयीच्या बाहेर जात आणि थरथर आपोआप थांबे. चाळीसच्या खाली सायकल शहाणी का होते, हे कोडं पाटीवरच सुटलं.

"आणि त्यात भर कोण घालतं?" आबांनी विचारलं.

मुक्ताने हात पुढे करून दाखवले. थरथर सुरू झाली की ती हँडल घट्ट आवळत असे आणि कोपरं ताठ करत असे.

"ताठ हात थरथर जिरवत नाहीत. अंगाचा हेलकावा हँडलला देतात आणि हँडलचा अंगाला. ब्रेक लावताना शरीराचं वजन पुढे लोटतं, पुढच्या चाकावर भार वाढतो, मागचं हलकं होतं. अशा वेळी खालची पकड घ्यावी, कोपरं मऊ ठेवावीत, कंबर थोडी मागे न्यावी. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावावा. वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबला तर कललेली सायकल उभी राहायला बघते आणि बाहेरच्या बाजूला जाते. आणि कधी घाटात थरथर सुरू झालीच, तर घाबरून हँडल आवळायचं नाही. दोन्ही गुडघे दांड्याला चिकटवायचे, सीटवरचं वजन किंचित उचलायचं, पुढचा ब्रेक सोडून मागच्याने हळूहळू वेग उतरवायचा. गुडघ्यांनी फ्रेम धरली की तिची लय मोडते."

थोडा वेळ दोघं गप्प राहिली. मग मुक्ता म्हणाली, "आबा, ब्रेव्हे शनिवारी आहे. फुगलेली जागा ठोकून, घासून खाली नाही का नेता येणार? तेवढ्यापुरती?"

आबांनी रिम तिच्यासमोर धरली. "घासली तर भिंत पातळ होईल. आत हवेचा दाब किती, ते तुला माहीत आहे. उतारावर ब्रेकने रिम तापते, दाब आणखी वाढतो. अशा ठिकाणी पातळ भिंत ठेवायची? ठोकलेलं ॲल्युमिनियम एकदा वाकून पुन्हा सरळ केलेलं असतं, त्याचा भरवसा मी गल्लीत फिरणाऱ्या सायकलला देईन, घाट उतरणाऱ्या सायकलला नाही. नवी रिम घालू. हब तोच राहील, मापाची रिम मिळाली तर तारा त्याच चालतील. पण रिम पुण्याहून यायला आणि चाक विणायला वेळ लागेल."

"शनिवारच्या आत?"

"नाही."

मुक्ताने खूप विचार केला. मागच्या काही महिन्यांची तयारी, भल्या पहाटे उठून केलेले लांबचे पल्ले, बरोबर निघणारे सोबती. हेडसेट पुन्हा थोडा आवळून घ्यावा, असे किती तरी तोडगे मनात आले. मग तिला तो कठडा आठवला, आणि समोरून काही आलं नव्हतं हेही आठवलं. तिने शनिवारची ब्रेव्हे सोडली.

पुढच्या आठवड्यात रिम आली. आबांनी तारा एकेक करून विणल्या, निप्पल थोडे-थोडे फिरवत घोड्यावर चाकाचा आउट काढला, मग वर-खालीही बघितलं. मुक्ता शेजारी बसून शिकत होती. चाक बसवल्यावर आबांनी पुन्हा तीच परीक्षा घेतली. पुढचा ब्रेक हलका दाबून सायकल हातात धरून चालणं. चाक एकसारखं, न अडता फिरलं.

"आता स्टेम जुना लावू का? टायर?" मुक्ताने विचारलं.

"आज नाही. आज एकच बदललंय, रिम. तेवढ्यावर घाट उतरून बघ. मग स्टेमचं ठरव."

त्या रविवारी तिने घाट टप्प्याटप्प्याने उतरला. पहिल्या सरळ पट्ट्यावर तीसच्या वेगाने, फक्त मागचा ब्रेक. दुसऱ्यावर फक्त पुढचा. मग दोन्ही. मग वेग थोडा वाढवून तेच. रस्ता मोकळा आणि लांबवर दिसणारा असेल तिथेच तिने पन्नास गाठले आणि वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक लावला. हँडल शांत होतं. कोपरं मऊ होती. सायकल तिने दाखवलेल्या रेषेवरून वळणात शिरली आणि त्याच रेषेवरून बाहेर पडली. खाली पोचल्यावर तिने दोन्ही रिमांना सावधपणे बोट लावून बघितलं, त्या सारख्याच गरम होत्या. स्टेमबद्दल तिने पुढच्या आठवड्यात वेगळी फेरी मारून ठरवलं. लांबच बरा वाटला, म्हणून जुना परत लावला. नवं टायर चांगलं होतं, ते राहू दिलं.

सोमवारी शाळेत लंबकाचा प्रयोग होता. एका मुलाने घाईघाईत दोरा आणि गोळा दोन्ही बदलले आणि उत्तर जुळत नाही म्हणून वैतागला. मुक्ता त्याला रागावली नाही. ती त्याच्याशेजारी बसली आणि विचारलं, "कशामुळे बदललं, सांगता येतं का तुला?" मग दोघांनी मिळून प्रयोग पहिल्यापासून केला.

तात्पर्य: दोष जिथे जाणवतो तिथेच तो जन्मला असेल असं नाही. म्हणून उपाय करण्याआधी विचारावं की तो केव्हा होतो, केव्हा होत नाही आणि कधीपासून होतो. सुरक्षित जागी, सोप्यापासून सुरुवात करून, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलून फरक पडला नाही तर ती पूर्ववत करावी, आणि फरक पडला तर तो कशाने पडला ते लिहून ठेवावं. वाटेत दुसरा दोष सापडला तर तोही दुरुस्त करावा, पण त्याला पहिल्याचं नाव देऊन शोध थांबवू नये. एखाद्या उपायाने त्रास नुसता दबला असेल तर त्या उपायाला बरं होणं म्हणू नये. आणि खरा दोष सापडल्यावर, वेळ नाही म्हणून त्यावर पांघरूण घालू नये. आपल्या हातात जीव असतो तेव्हा, मग तो सायकलवरचा आपला असो की समोरून येणाऱ्याचा, एक शनिवार सोडून देणं कधीच महाग पडत नाही.